मागून हाक न मारता

बुधवारी सुनेला घराबाहेर पाठवायचं नाही, हा नर्मदाबाईंचा नियम होता. आणि विमान नेमकं बुधवारचं होतं.

"दिवस बदलून मागा की त्यांना," त्या नवऱ्याला, दत्तरावांना म्हणाल्या.

"विमान म्हणजे एसटी न्हाई."

"एसटीवाले तरी कुठं ऐकतेत आपलं? पन इचारायला काय जातंय?"

दत्तरावांनी काही विचारलं नाही. जन्मात त्यांनी कुणाकडं काही मागून घेतलं नव्हतं, ते आता विमानवाल्यांकडं वार बदलून कुठं मागणार. शेवटी तोड नर्मदाबाईंनीच काढली. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगला वार बघून प्रवासातली एखादी पिशवी आधीच शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. पिशवी निघाली की माणूसही निघाल्यासारखाच. मग तो खरोखर कोणत्याही वारी जावो. मंगळवार त्यांना तितकाच नकोसा होता, म्हणून सोमवारी सकाळीच त्यांनी लेकराची निळी पिशवी उचलली आणि समोरच्या बायनाबाईंच्या ओसरीत नेऊन ठेवली.

एकदा निघालेली पिशवी परत उंबऱ्याच्या आत कशी आणायची? त्यामुळं दोन दिवस जे जे आठवेल ते घेऊन नर्मदाबाई रस्ता ओलांडत होत्या. टोपडं नेलं. काजळाची डबी नेली. गुटी उगाळायची सहाण नेली. आणि बुधवारी सकाळी, उकळत्या पाण्यातून काढून, पदरात धरून, दुधाची बाटली नेली.

त्या बाटलीपायी घरात पंधरा दिवस खटपट चालली होती. नातू माऊली सात महिन्यांचा, अंगावर पिणारा. विमान वर चढताना आणि खाली उतरताना लहान लेकरांच्या कानात दडे बसतात, कान ठणकतात, त्या वेळी लेकरू काहीतरी गिळत राहिलं पाहिजे, असं दत्तरावांनी वाचलं होतं आणि मोठ्या आवाजात घरच्यांना वाचूनही दाखवलं होतं. शेजारच्या खुर्चीवर सासरा बसणार, मग सून लेकराला पाजणार कशी? हा प्रश्न सगळ्यांना पडला आणि कुणीही तो तोंडातून काढला नाही. दुसऱ्या दिवशी नर्मदाबाईंनी जिंतूरहून बाटली आणवली. रबराचं बोंड तोंडात धरायला माऊली पंधरा दिवसांनी कसाबसा शिकला.

दत्तराव चारठाण्याजवळच्या या गावातून चाळीस वर्षं जिंतूरला जाऊन येऊन वाचनालय सांभाळत आले होते. पुस्तकं देणं-घेणं, कपाटं झाडणं, वर्तमानपत्रं काठीला लावणं. तिथं कुणाशी फार बोलावं लागत नसे, आणि तेच त्यांना मानवलं. सुनेशी तर ते लग्नानंतरच्या तीन वर्षांत समोरासमोर दहा-बारा वाक्यं बोलले असतील. चहा हवा असला की भिंतीकडं बघून "आज थंडी हाय" म्हणायचे. माऊली झाल्यापासून मोठी सोय झाली. आता सगळं त्याच्या नावानं सांगता येत होतं. "माऊली, तुझ्या आईला म्हणावं, माझा चष्मा खिडकीत हाय का बघ."

पण ती सोय झाली त्याच सुमाराला सून बोलायची थांबली.

शिवकन्या लग्नाआधीपासून नर्स. जिंतूरच्या एका खासगी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करायची. घरात आली तेव्हा तिचा आवाज दोन घरं पलीकडं जायचा, नर्मदाबाईंना ती "आत्या, तुमची बीपीची गोळी" असं ओरडून सांगायची आणि बायनाबाई आपल्या घरातून "घेतली का गं?" म्हणायच्या. स्वतःचं बाळंतपण मात्र अवघड गेलं. परभणीला ऑपरेशन करावं लागलं. त्यानंतर नोकरी सुटली, आणि पाठोपाठ बोलणं. काम सगळं करायची, लेकराचंही नीट बघायची, पण विचारलं तर हो किंवा नाही, तेवढंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "बाळंतपणानंतर काही बायांना असं होतं, सावरतील, पण माणसांत राहू द्या," असंही सांगितलं.

एका दुपारी दत्तरावांनी स्वयंपाकघरातून तिचं हसणं ऐकलं. अगदी थोडं, नाकातल्या नाकात. फोनवर सुकेशनी होती. सुकेशनी आणि राजेश्री या नर्सिंगच्या हॉस्टेलमधल्या तिच्या दोन मैत्रिणी, आता दोघी बेंगळुरूच्या एका मोठ्या दवाखान्यात. त्या रात्री जेवताना दत्तराव ताटाकडं बघत म्हणाले, "माऊलीला बेंगळुरू दाखवावं म्हणतो." सगळे घास थांबवून त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनी घरात काही सुचवल्याला बरीच वर्षं झाली होती.

सुकेशनीनं तर पुढच्या हप्त्यात विमानाची तिकिटंच मोबाइलवर पाठवून दिली. सोबतीला कोण जाणार, हे तेवढं आधी ठरवावं लागलं होतं. मुलगा परमेश्वर जिनिंगमध्ये कामाला, कापसाचा हंगाम तोंडावर, त्याला सुट्टी नाही. नर्मदाबाई म्हणाल्या, "मला विमान खालून दिसतंय तेवढं बास." उरले दत्तराव. ते कधी विमानात बसले नव्हते, आणि आपल्या हातून हे नीट होईल असं त्यांना एक दिवसही वाटलं नाही. सून गेली तशीच मुकी परत आली तर? सुचवलं कुणी? आपणच.

बुधवारी सकाळी सातला जीप दारात आली. ठरलं असं होतं की गाडी बायनाबाईंच्या दारापुढं थांबेल आणि पिशवी आत येईल. पण गल्लीत सोयाबीनचं मळणीयंत्र आडवं लागलं होतं. गाडीवाल्यानं गाडी मागं घेतली आणि शाळेकडच्या रस्त्यानं बाहेर काढली. दत्तरावांना वाटलं, पिशवी नर्मदाबाईंनी आधीच ठेवली असेल. नर्मदाबाईंना वाटलं, गाडी वळसा घालून येईल. शिवकन्या डोक्यावर पदर घेऊन, लेकराला मांडीवर घेऊन मागं बसली होती. तिनं काही विचारलंच नाही.

परभणीच्या बसस्थानकात लेकराला पाजायची वेगळी खोली आहे, तिथं ती जाऊन आली. तोवर दत्तराव बाहेर उभे राहून गाड्यांच्या पाट्या वाचत होते. मग पुन्हा जीपमध्ये बसून वसमतमार्गे नांदेड. विमानतळावर त्यांनी जन्माचा दाखला, आधार, तिकिटं अशी कागदपत्रं एकाखाली एक लावून चार वेळा दाखवली, त्यातल्या दोन वेळा कुणी मागितली नसताना. तपासणी झाली. आतल्या खुर्च्यांवर बसून त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडला, आणि फोन वाजला.

"कुठं पोचलाव?" नर्मदाबाई.

"नांदेडला. आत बसलोय."

"आत म्हंजे विमानात?"

"विमानाच्या अलीकडं."

"तपासून झालं सगळं? आता मागं फिरता येत न्हाई ना?"

"न्हाई. कामून?"

"मग सांगते. पिशवी इथंच ऱ्हायली."

"कोणती पिशवी?"

"लेकराची वो! बायनाबाईच्या घरी. बाटली तिच्यातच हाय."

दत्तरावांनी शिवकन्येकडं बघितलं. ती काचेतून बाहेर बघत होती. माऊली तिच्या खांद्यावर झोपला होता. "अगं, मग सकाळीच सांगायचं. गाडी फाट्यापर्यंतबी गेली नसंल."

"बायनाबाई दारात उभी व्हती पिशवी घेऊन. गाडी तिकडून वळली ती बघत ऱ्हायली. पन मागून हाक मारायची का? लेकरू पयल्यांदा एवढ्या लांब चाललंय! तिनं तोंडावर हात धरून घेतला."

"मग फोन करायचा."

"तेच ठरवीत बसलो दोघी. मी म्हनलं, फोन म्हंजे काय हाक न्हवं. ती म्हनली, फोनबी मागूनच येतोय की. आता तुमी मागं फिरूच शकत न्हाई म्हनल्यावर केला."

दत्तरावांनी फोन ठेवला, घसा साफ केला आणि झोपलेल्या लेकराला सांगितलं, "माऊली, तुझी पिशवी बायनाबाईकडंच ऱ्हायली म्हणं. बाटलीसकट."

शिवकन्येनं मान हलवली. इतकंच. विमानतळावरच्या दुकानात दत्तरावांनी जाऊन बघितलं. तिथं चहा, बिस्किटं आणि थंड पेयं होती. बाटल्या पुष्कळ होत्या, पण तसली एकही नव्हती. माऊलीला इथंच उठवून पाजावं का, हे त्यांच्या मनात आलं, पण ते सुनेला सांगणार कसं. आणि आता पाजून काय उपयोग, गिळायला हवं होतं ते वर चढताना.

विमान लहानसं होतं, एकेका बाजूला दोन-दोन खुर्च्या. शिवकन्या खिडकीशी, दत्तराव वाटेच्या कडेला. मधे फक्त एक हात टेकायची पट्टी. तीन वर्षांत ते सुनेच्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते. त्यांनी आपलं कोपर आत ओढून घेतलं, गुडघे वाटेकडं वळवले आणि जमेल तेवढी जागा कमी व्यापायचा प्रयत्न केला.

विमान धावायला लागलं तसा माऊली जागा झाला. जमीन सुटली आणि तो किंचाळला.

ते साधं रडणं नव्हतं. लेकरू कानाला हात लावत होतं, मान मागं टाकत होतं, तोंड लालभडक झालं होतं. शिवकन्येनं त्याला बोट चोखायला दिलं, त्यानं ते थुंकून टाकलं. खुर्चीला पट्ट्यानं बांधून घेतलेली हवाई सुंदरी पुढून वाकून म्हणाली, "मॅम, बेबी को फीड कीजिए." शिवकन्येनं पदर आणखी पुढं ओढला आणि लेकराला छातीशी नुसतंच घट्ट धरलं.

दत्तरावांना सगळं कळत होतं. उठून जावं तर पट्टा बांधलेला. तो सोडायची परवानगी नाही. मग त्यांना एकच गोष्ट सुचली. त्यांनी डोळे मिटले आणि झोपल्याचं सोंग घेतलं. थोडं घोरूनही बघितलं. पण शेजारी लेकरू जिवाच्या आकांतानं रडत असताना ज्या माणसाला झोप लागते त्याला एक तर ऐकू येत नसतं किंवा तो सोंग करत असतो, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. शिवकन्येच्याही आलं. तिनं लेकराला पाजलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी विमान सरळ झालं. माऊली हुंदके देत देत दमून झोपला. दत्तरावांनी डोळे उघडले तेव्हा शिवकन्या पदरानं तोंड पुसत होती. लेकराचं नव्हे, स्वतःचं.

आपण उगीच आणलं हिला. ती घरी निदान भिंतीआड रडत होती, इथं चारचौघांत रडायला लावलं. दत्तराव पट्टा सोडून उठले. पुढं जाऊन त्यांनी हवाई सुंदरीला हिंदीत, दोनदा चुकून आणि एकदा सुरुवातीपासून पुन्हा म्हणून, समजावलं की आपली जागा कुणा बाईंना देता येईल का. तिनं यादी बघितली. बदलण्यासारखी एकही जागा नव्हती, विमान गच्च भरलेलं होतं. "उतरते वक्त बेबी को ज्यादा दर्द होता है," तिनं प्रेमानं सांगितलं. हे त्यांनीही वाचलं होतं.

ते परत येऊन बसले. "माऊली," त्यांनी सुरुवात केली, "तुझ्या आईला म्हणावं..." आणि थांबले. माऊली झोपला होता. झोपलेल्या लेकराच्या मागं किती दिवस लपायचं?

त्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघितलं. मग म्हणाले, "शिवकन्या."

ती दचकली. त्यांच्या तोंडून तिचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तू नर्स हायेस. तुझ्या वॉर्डात एखादी बाई अशी बसली असती, लेकरू रडायलंय अन् शेजारी म्हातारा सासरा, तर तू काय केलं असतंस?"

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. दत्तरावांना वाटलं, आपण चुकीचं बोललो. नको तिथं हात घातला. ते माफी कशी मागावी याची जुळवाजुळव करायला लागले, तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला, हळू, पण स्पष्ट.

"आधी म्हाताऱ्याला बाहेर घालवलं असतं."

दत्तरावांनी खिडकीतून बाहेर बघितलं. खाली ढग होते. ढगांच्या फटीतून फार खाली कुठलीशी नदी चमकत होती. "बाहेर जायला मी तयार हाय," ते गंभीरपणे म्हणाले, "पण पायरी दिसंना."

शिवकन्येच्या नाकातून एक आवाज निघाला. तिनं पदर तोंडावर दाबला, खांदे हलायला लागले, आणि मग तिला ते आवरेना. मागच्या माणसानं वाकून बघितलं. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि दत्तराव पुरते घाबरून गेले होते, कारण त्यांनी जन्मात कुणाला इतकं हसवलं नव्हतं.

"अन् म्हातारा बाहेर जातच नसंल तर?" त्यांनी विचारलं.

"तर त्याला म्हणले असते, मामा, तिकडं तोंड करा अन् गप बसा. अन् बाईला दोन शब्द ऐकवले असते. लाजायचं कशाला, लेकरू तुझं, दूध तुझं." ती थांबली. "शंभर बायांना ऐकवलंय मी असं."

"मग शंभरावर एक."

त्यांनी गळ्यातलं उपरणं काढून तिच्याकडं दिलं. "धुतलेलं हाय," ते म्हणाले आणि पाठ करून वाटेकडं वळून बसले.

विमान खाली उतरायला लागलं. माऊली कुरकुरला, एकदा जोरात ओरडला, आणि गप झाला. मग दत्तरावांना पाठीमागून लेकराच्या घोटांचा आवाज ऐकू यायला लागला, एकामागून एक. वाटेपलीकडच्या खुर्चीवरच्या चष्मेवाल्या माणसाची आणि त्यांची मात्र पंचाईत झाली. दत्तराव सरळ त्याच्याच तोंडाकडं बघत बसले होते. बराच वेळ सोसून त्यानं विचारलं, "अंकल, कुछ चाहिए?"

"नहीं. मेरे को इधरच देखना है," दत्तराव म्हणाले. त्यानं गडबडून पुस्तिका उघडली.

"मामा," पाठीमागून शिवकन्या म्हणाली. "वळू नका. तसंच बसा."

"बसलोय."

"मला वाटायलंय, मला आता काहीच येत न्हाई. दवाखान्यातून दोनदा फोन आला, परत कामावर या म्हणून. मी उचललाच न्हाई. वाटतंय, सुई धरली तर हात कापंल. माझं स्वतःचं बाळंतपण नीट झालं न्हाई, मी दुसऱ्यांचं काय करणार? घरात कुणाला हे सांगावं तर सगळे म्हणतेल, हिला काय कमी हाय."

एवढं लांब बोलणं त्यांनी तिच्याकडून सात महिन्यांत ऐकलं नव्हतं. उत्तरासाठी त्यांनी वाचलेली पुस्तकं आठवून बघितली, एकही कामाचं निघालं नाही. मग जे होतं तेच सांगितलं.

"मला चाळीस वर्षं तसंच वाटलं."

"तुमाला?"

"रोज सकाळी वाचनालयाचं कुलूप उघडताना वाटायचं, आज कुणीतरी येणार अन् म्हणणार, दत्तराव, तुमाला यातलं काय कळतंय? द्या इकडं किल्ली."

"मग?"

"कुणी आलंच न्हाई."

ती परत हसली, यावेळी हळू. "अन् वाटायचं कधी थांबलं?"

"थांबलं न्हाई," दत्तराव म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "वाटत ऱ्हायचं, अन् मी कुलूप उघडत ऱ्हायचो. दोन्ही चालू."

चाकं जमिनीला लागली, सगळं विमान थरथरलं, आणि माऊलीनं दूध सोडून भलामोठा ढेकर दिला.

बाहेर कठड्यापलीकडं दोघी मैत्रिणी उभ्या होत्या. सुकेशनीनं लांबूनच "शिवे!" अशी हाक मारली आणि आजूबाजूची दहा माणसं वळली. राजेश्री कठड्याखालून वाकून अलीकडं येऊ बघत होती, तिला शिपायानं अडवलं. मग तिघी एकदम बोलायला लागल्या.

"किती वाळलीस गं!"

"तू फुगलीस. दोघींची बेरीज तेवढीच भरतीय."

"आली बघ, आली हिची जीभ! राजे, मी म्हणले नव्हते?"

माऊली या हातातून त्या हातात गेला. दत्तरावांना दोघींनी वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी कुणाकडं बघावं ते न समजून सामानाच्या गाडीला केला. एक चाक वाकडं पळत होतं. तिला सरळ ठेवायच्या नादात ते दहा पावलं मागं पडले. पुढं तिघी चालल्या होत्या. अधूनमधून शब्द येत होते: वॉर्ड, डिलिव्हरी, पगार, ती जुनी वॉर्डन.

"उद्या माझी सकाळची ड्युटी हाय," सुकेशनी म्हणत होती. "चल की आमचा वॉर्ड बघायला. मॅडमना सांगून ठेवते. तू नुसती बघ, हात लावू नकोस कशाला."

शिवकन्येची पावलं मंदावली. दत्तरावांनी गाडी थांबवली. त्यांना वाटलं, आता ती नाही म्हणेल.

"किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

"सातला. पण मग लेकराला कोण बघंल? राजेश्रीबी ड्युटीवर हाय."

"मामा हायेत की," शिवकन्या म्हणाली, अगदी सहज, जणू हे घरात रोजच चाललेलं असावं.

दत्तरावांनी लेकराला एकट्यानं कधी घटकाभरही सांभाळलं नव्हतं. लंगोट कुठून बांधायचा इथपासून तयारी होती. बाटलीही नवी घ्यावी लागणार होती. तो रडला तर काय करायचं, झोपलाच नाही तर काय, हे कुठं वाचलंही नव्हतं. "मला जमायचं न्हाई" हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. ते त्यांनी तिथंच ठेवले, वाकडं चाक पायानं सरळ केलं आणि पुढं गेले.

"सातच्या आधी एकदा मला सगळं दाखवून ठेव," ते म्हणाले.